गेजनाना

नाना भाजी विकत घेत नाहीत, भाजीचा लॉट पास करतात. आमच्या चिंचवडच्या मंडईत ते शिरले की एक-दोन गाळेवाल्यांना नेमका चहा प्यायला जायचा असतो. दुधीला नख लावून बघणारी माणसं पुष्कळ असतात. नाना दुधी डोळ्यासमोर आडवा धरतात, एक डोळा मिटून त्याचा सरळपणा बघतात आणि "याचं रीवर्कसुद्धा होणार नाही" असं म्हणून खाली ठेवतात. उभी हयात एका मोटार कारखान्याच्या इन्स्पेक्शन खात्यात गेली. क्रँकशाफ्टच्या मापात केसाच्या विसाव्या हिश्शाचा फरक निघाला म्हणून अख्खी पाळी थांबवलेला हा माणूस. निरोपसमारंभात मिळालेलं घड्याळ त्यांनी त्याच रात्री आकाशवाणीच्या ठोक्यांशी ताडून पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यात परत नेऊन दिलं. दिवसाला चार सेकंद पुढे जात होतं.

पिंपरी-चिंचवडात अशी माणसं गल्लीगणिक आहेत. ती खडूस नसतात, कंजूष नसतात, भांडखोर तर मुळीच नसतात. जगाचं चांगलंच व्हावं अशी त्यांची इच्छा असते. फक्त ते मोजून व्हावं. निवृत्तीनंतरची पहिली काही वर्षं नानांनी सोसायटीवर काढली. जिन्याच्या पायऱ्या एका उंचीच्या नाहीत हे त्यांनी शोधून काढलं. (खरंच नाहीत. तिसरी पायरी मलाही अजून ठेचकाळते.) गणपतीच्या मांडवाला ओळंबा लावून बघितला, तर बाप्पा डावीकडे झुकलेले निघाले. त्या वर्षी मांडवातल्या पोरांनी आरतीचं तबक रोज आठवणीने नानांच्याच हातात दिलं. हातात तबक असलं की ओळंबा धरता येत नाही.

सोसायटी तपासून संपली तेव्हा नाना घरात वळले. घरात माई होत्या.

माई बाळंतविडे करतात. अंगडी, टोपडी, कुंच्या, दुपटी. शिवाय क्रोशाचे हत्ती, चिंध्यांच्या बाहुल्या, आणि पाळण्यावर टांगायचं चिमणाळं. माईंच्या चिमणाळ्यातल्या चिमण्या अशा काही गोल गरगरीत असतात की बाळ सोडाच, बाळाला बघायला आलेले लोकसुद्धा वर बघत बसतात. या सगळ्याला माई धंदा म्हणत नाहीत. "माझं आपलं थोडं शिवणटिपण चालतं," म्हणतात. महिन्याला डझनभर हत्ती, दोन-तीन बाळंतविडे, दिवाळीत बचत गटाच्या प्रदर्शनात एक टेबल. नानांना इतकी वर्षं या उद्योगाची वार्ता एवढीच होती की दिवाणावर बसण्याआधी सुई आहे का बघायचं.

मग २०२० सालच्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने खेळण्यांच्या गुणवत्ता नियंत्रणाचा आदेश काढला. चौदा वर्षांखालच्या मुलांनी खेळावं म्हणून केलेली कुठलीही वस्तू म्हणजे खेळणं; आणि खेळणं म्हटलं की भारतीय मानक ब्युरोचा परवाना आणि आयएसआयचा छाप हवाच. नानांनी ती बातमी दोनदा वाचली, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

"अगं, तू उत्पादक आहेस."

"तीन शिट्ट्या झाल्या की कुकर बंद करा," माई म्हणाल्या.

पुढच्याच महिन्यात टाळेबंदी लागली, आणि नियम आणि नाना असे दोघेही माईंबरोबर घरात अडकले.

आयएस ९८७३ हे खेळण्यांचं मानक अनेक भागांत आहे. भाग एक मोडतोड, धार, टोक, दोऱ्या, गिळता येतील असे तुकडे यांचा. भाग दोन जळण्याचा. भाग तीन रंगातून आणि कापडातून पोटात उतरणाऱ्या विषारी मूलद्रव्यांचा. पुढे झोपाळे आणि घसरगुंड्या, बोटांनी फासायचे रंग, प्लास्टिक मऊ करणारी रसायनं असं बरंच काही; विजेच्या खेळण्यांना तर आयएस १५६४४ हे निराळंच मानक. नानांनी सगळं मिळवलं, भागांना खाकी कव्हरं घातली, आणि त्या उन्हाळ्यात लोक टीव्हीवर रामायण बघत असताना नाना भाग एक वाचत होते. मधूनच "वा!" असा उद्गार वरच्या मजल्यावरून ऐकू यायचा. मी खालच्या मजल्यावर राहतो, त्यामुळे या इतिहासातलं बरंचसं मी छताच्या अलीकडून ऐकलेलं आहे.

भोसरीतली शॉप्स उघडल्यावर नानांनी पहिलं काम केलं ते म्हणजे जुन्या सोबत्याच्या लेथवर एक नळी करून घेतली. मानकात तिचं माप दिलेलं आहे: आतला व्यास ३१.७ मिलिमीटर, तळ तिरका, एका बाजूला खोली २५.४ आणि दुसऱ्या बाजूला ५७.१. लहान मुलाच्या घशाचं हे ढोबळ माप. तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्यातली, किंवा त्यातून निखळलेली वस्तू कशीही फिरवून, न दाबता या नळीत पूर्ण मावली तर ते खेळणं बाद. दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं असतं. ते नळीत टणकन पडतं. नानांनी ते मला पाडून दाखवलं तेव्हा गंमत म्हणून बघायला गेलेला मी जरा गप्प झालो. आमच्या घरी तेव्हा दीड वर्षाची पुतणी होती, आणि आमच्या घरात जमिनीवर काय काय पडलेलं असतं ते मला माहीत होतं.

नळी चष्म्याच्या डबीत राहू लागली आणि चष्मा कुठेही. नानांना 'गेजनाना' हे नाव तेव्हा पडलं. सुपारी मावली. कुंकवाच्या करंड्याचं झाकण मावलं. माझ्या शर्टाचं बटण, सोंगटी, बोराची बी, टीव्हीच्या रिमोटमधला सेल, सगळं मावलं. चेंडूंसाठी वेगळा नियम आहे. ४४.५ मिलिमीटरच्या भोकातून जो चेंडू आरपार जातो तो तीन वर्षांखालच्या बाळाला द्यायचा नाही, कारण गोल वस्तू घशात बसली की बुचासारखी बसते. त्यासाठी नानांनी एक कडंही करून घेतलं. दिवाळीत माईंनी बेसनाचे लाडू वळले तेव्हा ते कडं टेबलावरच होतं. तीस लाडवांपैकी अकरा आरपार गेले. खाद्यपदार्थांना हा नियम लागू नाही हे नानांना पक्कं ठाऊक होतं. ते म्हणाले की एकदा माप हातात आलं की राहवत नाही. माईंनी ते अकरा लाडू नानांच्याच ताटात वाढले. वयाचा निकष ते पुरा करत होते.

खरी धमाल चाचण्यांची. मानकात म्हटलंय की खेळणं उंचावरून टाकून बघायचं, पिळून बघायचं, ओढून बघायचं. बाळ जे जे करील ते सगळं आधी मोठ्या माणसाने करायचं. नानांनी हे मनावर घेतलं. कापडी हत्ती पडला तर आवाज होत नाही, पण माईंचे लाकडी खुळखुळे पडले की माझ्या पलंगावरचं छत वाजायचं. आणि नाना प्रत्येक नमुना निरनिराळ्या बाजूंवर पडेल असा टाकत. शिवण किती ताण सोसते ते बघायला सत्तर न्यूटनचं बळ हवं, म्हणजे साधारण सात किलो, असा हिशेब करून त्यांनी गॅलरीतल्या कपड्यांच्या दांडीला हत्ती टांगला आणि त्याच्या कानाला सात लिटर पाण्याची बादली. कान टिकला. शिवण टिकली. दांडी तुटली. खाली आमच्या गॅलरीत साबुदाण्याच्या पापड्या वाळत घातल्या होत्या. धावत खाली आलेल्या नानांच्या चेहऱ्यावर अपराधाचा लवलेश नव्हता. "कान टिकला!" ते दारातूनच म्हणाले.

जळण्याची चाचणी त्यांनी एकदाच केली. बाहुलीचे लोकरीचे केस किती वेगाने पेटतात ते बघायचं होतं. माई देवळातून परत आल्या तर स्वयंपाकघरात धूर आणि ओट्यावर टकली बाहुली. "हे काय?" म्हणून त्यांनी विचारलं. नानांच्या हातात स्टॉपवॉच होतं. "भाग दोन," ते म्हणाले. माईंनी ती बाहुली उचलली, पदराने पुसली आणि म्हणाल्या, "जावळ काढायला मुहूर्त तरी बघायचात."

भाग तीनची मात्र घरात सोय नव्हती. अँटिमनी, आर्सेनिक, बेरियम, कॅडमियम, क्रोमियम, शिसं, पारा, सेलेनियम ही आठ नावं नाना अष्टविनायकांसारखी एका दमात म्हणतात. रंगातून पाझरणारं शिसं किलोमागे ९० मिलिग्रॅमच्या वर नको. प्रयोगशाळेत पोटातल्या आम्लाइतकं सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घेतात, त्यात रंगाचा नमुना ३७ अंशांवर दोन तास ठेवतात आणि काय काय उतरलं ते मोजतात. मी एका संध्याकाळी वर गेलो तेव्हा नाना बातम्या बघत बसले होते आणि त्यांच्या तोंडात निळ्या हत्तीची सोंड होती. बोलता येत नव्हतं म्हणून त्यांनी बोटाने थांबायची खूण केली. ठरलेली वेळ झाल्यावर सोंड बाहेर काढून त्यांनी पांढऱ्या रुमालावर टिपली आणि म्हणाले, "लॅबमध्ये खोटं पोट वापरतात. आपल्याकडे खरं आहे." रंग उतरला नव्हता. अर्थात त्याने शिशाचं काहीच कळत नाही, हे मी त्यांना सांगितलं. त्यावर त्यांनी "ते मला ठाऊक आहे, पण बाळाच्या झबल्याला डाग पडणार नाही एवढं तर कळलं?" असं विचारलं. याला उत्तर नव्हतं.

प्रत्येक चाचणीचा तक्ता होता. अकरा रकाने, शेवटचा 'शेरा'. शिवाय सुईची वही. सुई मोडली की तिचे सगळे तुकडे शोधून, जोडून, वहीत चिकटपट्टीने लावायचे. एक तुकडा जरी कमी पडला तर त्या दिवशीचा सगळा माल बाजूला. कपड्यांच्या कारखान्यांतून ही पद्धत असतेच, नानांनी ती शोधलेली नाही. पण तिथे सुया मशीनच्या असतात. माईंची एक सुई मोडली आणि टोक सापडेना, तेव्हा नानांनी फ्रिजवरचं लोहचुंबक घेऊन चार हत्ती, दोन बाहुल्या, दिवाण, गालिचा आणि नुकतीच आलेली कामवाली यांच्यावरून फिरवलं. टोक दिवाणाच्या फटीत सापडलं. कामवाली दुसऱ्या दिवशी आली नाही.

हे सगळं ऐकून कुणाला वाटेल की माईंचा छळ चालला होता. तसं नाही. माईंचा पवित्रा असा की नवऱ्याने घरात बसून काहीतरी करावं, आणि ते पत्त्यांपेक्षा बरं. पण त्यांचं एक ठाम मत होतं. "आमच्या आईने अशीच चिमणाळी केली, तिच्या आईने केली, कुणाच्या पोराला काही झालं नाही." नाना यावर कधी चिडले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "झालं असतं तर तुझ्या आईला कुणी येऊन सांगितलं असतं का?" माईंनी त्यावर काही म्हटलं नाही, मात्र त्यानंतर त्यांच्या हत्तींना काळ्या मण्यांचे डोळे दिसले नाहीत. डोळे दोऱ्याने भरलेले येऊ लागले. गिऱ्हाइकांनी तक्रार केली की हत्ती झोपाळू दिसतात. "झोपाळूच हवेत," माई म्हणाल्या, "पाळण्यात द्यायचेत ना?" चिमणाळ्याच्या दोऱ्या आखूड झाल्या, आणि सोबत माईंच्या अक्षरात चिठ्ठी जाऊ लागली: बाळ पालथं पडून हातांवर उठायला लागलं की चिमणाळं उतरवा. हा नियम नानांनी मानकातून वाचून दाखवला होता. माईंनी तो असा लिहिला की आजेसासूने लिहावा.

आता परवान्याचं. आदेश १ सप्टेंबरपासून लागू व्हायचा होता, तो पुढे ढकलून १ जानेवारी २०२१ केला. परीक्षा पुढे ढकलल्याचं दुःख झालेले नाना हे मी पाहिलेले एकमेव विद्यार्थी. परवान्यासाठी उत्पादनाच्या जागेचा नकाशा लागतो म्हणून त्यांनी आलेखाच्या कागदावर फ्लॅट काढला. कच्चा माल दिवाणाखाली. उत्पादन खिडकीजवळच्या खुर्चीत. तपासणी जेवणाच्या टेबलावर, सकाळी अकरा ते एक. नापास माल देवघराशेजारच्या कपाटात, कुलूपबंद. त्या कपाटाला घरातली मुलं 'हत्तींचा तुरुंग' म्हणत. नकाशा सुंदर झाला. पण परवान्याची फी, चाचण्यांची यंत्रं, प्रत्येक प्रकारच्या नमुन्याचे प्रयोगशाळेतले पैसे यांची बेरीज करून नानांनी पेन्सिल खाली ठेवली. माईंच्या हत्तींनी जन्मभर कमवून आणलं असतं तरी ते पुरलं नसतं.

इथे माझं म्हणणं मी मांडतो, कारण नाना ते मांडणार नाहीत. त्या आदेशाचा रोख होता स्वस्त, निकृष्ट आयात मालावर. त्याच महिन्यातल्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरची आयातजकात २० टक्क्यांवरून ६० वर नेली होती. हेतू चांगला. पण बंदरात कंटेनर उतरवणारा आणि खिडकीत बसून बारा हत्ती विणणारी बाई यांना एकाच ओळीत उभं केलं की कंटेनरवाल्याकडे वकील असतो आणि बाईकडे नाना असतात.

शिक्षेचं कलमही नानांनी एका रात्री माईंना वाचून दाखवलं. २०१६ च्या मानक ब्युरो कायद्याप्रमाणे अनिवार्य छापाशिवाय माल विकला तर पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा कमीत कमी दोन लाख दंड, किंवा दोन्ही.

"दोन वर्षं?" माई म्हणाल्या. "तिथे स्वयंपाक कोण करतं?"

"तिथलेच करतात."

माईंनी बराच वेळ विचार केला, असं नाना सांगतात.

डिसेंबरात सुटका झाली. आदेशात दुरुस्ती आली: हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या वस्तूंना सूट; तसंच चन्नपट्टणच्या लाकडी खेळण्यांसारखी भौगोलिक मानांकन मिळालेली वस्तू तिच्या नोंदणीकृत हक्कदारांनी बनवून विकली तर तिलाही. बचत गटातल्या बायकांनी पेढे वाटले. नानांना पेढा गोड लागला नाही. "परीक्षेला न बसताच पास?" एवढंच म्हणाले आणि खाकी कव्हरं उघडून बसले. मग दोन दिवसांनी तेच सगळ्या गटाला गोळा करून सांगायला लागले की नोंदणी करा, कारागिराचं ओळखपत्र काढा, पण नळी माझ्याकडून घेऊन जा. "सूट छापाला आहे, घशाला नाही." भोसरीच्या लेथवर आणखी सहा नळ्या झाल्या. पैसे नानांनी दिले.

माई कारागीर झाल्या. ओळखपत्रावरचा फोटो त्यांना आवडला नाही, बाकी सगळं आवडलं. पुढच्या दिवाळीच्या प्रदर्शनात मात्र नवाच घोळ झाला. सूट आहे ती नोंदलेल्या कारागिराने बनवून विकलेल्या मालाला. नाना काही नोंदलेले कारागीर नव्हेत. तेव्हा त्यांनी माल विकला तर? नानांनी तोडगा काढला. टेबलापासून तीन फूट लांब उभं राहायचं, मालाला आणि पैशाला हात लावायचा नाही. बोलायला कुठे बंदी नव्हती.

"हा हत्ती केवढ्याला?" कुणी माईंना विचारायचं, आणि तीन फुटांवरून आवाज यायचा, "बाळ किती महिन्यांचं?"

"सव्वीस."

"मग ती डावीकडची बटणवाली बाहुली तुम्हाला नाही. दहा महिन्यांनी या."

बाई हसायच्या, पण हत्तीच घेऊन जायच्या. पलीकडच्या टेबलावर एकाने टिकल्या आणि मणी लावलेली छोटी अस्वलं मांडली होती आणि पुढे पाटी, 'फक्त शोभेसाठी'. नानांनी त्याला बाजूला घेतलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. कायदा पाटी बघत नाही, वस्तू बघतो. आणि बाळ तर पाटी मुळीच बघत नाही. तो माणूस म्हणाला, काका, सगळेच असं लिहितात. नाना म्हणाले, सगळेच लिहितात म्हणूनच मी तुम्हाला एकट्याला बाजूला घेतलं. नंतर ती पाटी दिसली नाही. अस्वलं होती. त्या माणसाने दुपारच्या जेवणाच्या वेळात बसून मणी उसवले, असं माईंनी सांगितलं. मी पाहिलं नाही. नाना मात्र तेव्हा वेगळ्याच कामात होते. प्रदर्शनवाल्यांनी दिलेल्या प्लास्टिकच्या पिशवीची जाडी ते मायक्रोमीटरने मोजत होते. पातळ फिल्म बाळाच्या तोंडावर चिकटते, म्हणून मानकात तिची सरासरी जाडी कमीत कमी ०.०३८ मिलिमीटर हवी असते. नाहीतर भोकं पाडायची. पिशवी कमी भरली. संध्याकाळपर्यंत प्रदर्शनातल्या यच्चयावत पिशव्यांना भोकं होती आणि एका बाईंची रांगोळी वाटभर सांडत गेली.

न्यू जर्सीतल्या भाचीने मैत्रिणींच्या बाळांसाठी हत्ती मागवले, तेव्हा नानांना अमेरिका सापडली. २००७ मध्ये तिथे चीनमध्ये तयार झालेल्या लाखो खेळण्यांच्या रंगात शिसं सापडलं, मोठमोठ्या कंपन्यांना माल परत बोलवावा लागला, आणि २००८ मध्ये कडक कायदा झाला. तो इतका कडक की घरी लाकडी गाड्या आणि कापडी बाहुल्या करणारे लोक तिथेही हवालदिल झाले, आणि २०११ मध्ये छोट्यांसाठी वाट काढावी लागली. वर्षाकाठी सारी विक्री (कायद्यातल्या मूळ आकड्याप्रमाणे) दहा लाख डॉलरच्या आत आणि एका वस्तूचे ७,५०० पेक्षा जास्त नग नसले तर नाव नोंदवून काही चाचण्यांतून सवलत मिळते. रंगातलं शिसं आणि गिळता येणारे तुकडे यांना मात्र ती नाही. बिनरंगी लाकूड, सूत, लोकर यांची शिशासाठी तपासणीच लागत नाही. नानांनी कागदावर हिशेब मांडला: महिन्याला बारा हत्ती या गतीने अमेरिकेची एका वर्षाची मर्यादा गाठायला माईंना बावन्न वर्षं लागतील. "घाई नाही," ते माईंना म्हणाले.

पण तिथे आणखी एक अट आहे. मालावर कायमची खूण हवी, कुणी, कधी, कोणत्या खेपेत केला ते सांगणारी. कायमची म्हणजे धुतल्यावर न जाणारी. तेव्हा माईंनी प्रत्येक हत्तीच्या बुडाशी दोऱ्याने अक्षरं भरली: चिंचवडचं चिं, महिना, खेप. भाचीने ते हत्ती विकायला मागवलेच नव्हते. बॅगेत घालून आणलेली भेट होती ती. तिचा निरोप आला, "मावशी, हत्तीच्या मागे नंबरप्लेट कशाला? एमएच १४ पासिंग आहे का?" माईंनी तो नानांना वाचून दाखवला. नाना खूश झाले. म्हणाले, नंबर वाचता येतोय ना, मग झालं.

गेल्या वर्षी नानांच्या मुलीला मुलगा झाला. बारसं माहेरीच होतं. पाळण्यावर माईंचं चिमणाळं, दोऱ्या मापात. नाना सकाळपासून पाहुण्यांच्या स्वागताला दारात उभे होते, एका हातात गुलाबाचं फूल आणि दुसऱ्या हातात नळी. आत्याबाईंनी आणलेल्या वाळ्यांचे घुंगरू नळीत पडले. मामेबहिणीच्या चांदीच्या खुळखुळ्याचं टोपण फिरवलं तर निघालं, तेही पडलं. काळ्या मण्यांच्या मनगट्यांचा दोरा त्यांनी जरा ओढला मात्र, मणी घरभर. कुणीतरी सुरम्याची डबी काढली, तेव्हा नानांचा आवाज प्रथमच चढला. सुरम्यात शिशाचं सल्फाइड असू शकतं, बाळाच्या डोळ्यांतच काय, या खोलीतसुद्धा नको. डबी परत पर्समध्ये गेली. घरात एक प्रकारचं नाराजीचं वातावरण झालं. सगळे आपापल्या भेटी मांडीवर धरून बसले.

कोपऱ्यात खुर्चीवर नानांच्या आई बसल्या होत्या. नव्वदी ओलांडलेली, कान उत्तम. त्यांनी हे सगळं शांतपणे बघितलं आणि म्हणाल्या,

"तू लहान असताना तुझा तो पांगुळगाडा होता बघ, हिरवा. चाटून चाटून सगळा रंग खाल्लास त्याचा. खाली लाकूड दिसायला लागलं होतं. काय झालं रे तुला?"

सगळ्यांनी नानांकडे बघितलं. नाना एका हातात नळी आणि दुसऱ्या हातात फ्रिजवरचं लोहचुंबक घेऊन, जमिनीवर गुडघे टेकून, मणी मोजत होते. कुणी काही बोललं नाही. पाळणा म्हणायच्या तयारीत असलेल्या वहिनींनी पदर तोंडाला लावला.

नानांच्या डोक्यात मात्र ते बसलं. दुसऱ्या आठवड्यात ते पॅथॉलॉजी लॅबमध्ये जाऊन रक्तातलं शिसं तपासायला देऊन आले. कारण काय लिहू, म्हणून तिथल्या मुलीने विचारलं, तर "पांगुळगाडा" म्हणाले. रिपोर्ट आला, सगळं मर्यादेत. नानांना जरा वाईटच वाटलेलं दिसलं. रिपोर्ट त्यांनी आधी उजेडासमोर धरला, मग मला दाखवला, आणि मग दिवाणावर चिमणीत कापूस भरत बसलेल्या माईंना समजावून सांगायला लागले.

"यावरून काही ठरत नाही. रक्तात ते महिना-दीड महिनाच मुख्यतः राहतं. हाडांत जातं, आणि हाडांत वर्षानुवर्षं टिकतं. माझ्या हाडांत असणार."

"अहो, तुमच्या हाडातच आहे ते," माई म्हणाल्या, "लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं मला. त्यासाठी रक्त कशाला काढायचं?"